शववाहिकेचं गिऱ्हाईक

शववाहिकेचं गिऱ्हाईक नेमकं कोण, या प्रश्नावर नगरपालिकेच्या सभागृहात बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी तो प्रश्न चहानंतर घ्यायचं ठरलं.

मुख्याधिकारी प्रशिक्षण घेऊन नुकतेच परतले होते. जाताना ते फायलींवर वेळेत सह्या करणारे, चारचौघांसारखे गृहस्थ होते. येताना त्यांच्या काखेत कागदाची एक लांबलचक गुंडाळी होती. ती भिंतीवर चिकटवल्यावर तिच्यातून नऊ चौकोन निघाले. याला बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणतात आणि जगातला कुठलाही धंदा या चौकोनांत बसतो, असं साहेबांनी सांगितलं. तिजोरीत पगारापुरतेही पैसे नसलेली नगरपालिका हासुद्धा एक धंदाच आहे, फक्त तिला ते अजून कळलेलं नाही. तेव्हा प्रत्येक विभागाने रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून आपापले चौकोन भरायचे. ज्याचा उत्पन्नाचा चौकोन रिकामा राहील, तो विभाग कंत्राटदाराला देऊन टाकायचा.

शववाहिका विभाग म्हणजे एक गाडी, एक ड्रायव्हर आणि आप्पा. आप्पा हे तिथले लिपिक. या कामात त्यांची इतकी वर्षं गेली होती, की त्यांनी कुणाला नुसता फोन केला तरी पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "कोण गेलं?" आप्पांना त्याची सवय झाली होती. आपल्या पुतणीचं लग्न ठरल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हाही दोघा-तिघांनी आधी "अरेरे" म्हटलं होतं.

चहा झाला. साहेब भिंतीपाशी उभे राहिले.

"ग्राहक म्हणजे जो प्रत्यक्ष सेवा वापरतो तो."

"तो आत झोपलेला असतो, साहेब," आप्पा म्हणाले.

"ठीक आहे. त्याला आपण काय देतो?"

"पोचवतो."

"ते काम झालं. मूल्य काय देतो? सेवा घेतल्यावर त्याच्या मनात आपल्याविषयी कोणती भावना राहते?"

आप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ते नक्की सांगता येणार नाही."

"बरं, पुन्हा येणारे ग्राहक किती?"

"अजून तरी कोणी आलेलं नाही."

"इथेच आपण कमी पडतो," असं म्हणून साहेबांनी त्या चौकोनात एक लाल चिठ्ठी लावली. पाणीपुरवठ्याचे इंजिनियर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

"भाडं किती घेतो आपण?"

"घेत नाही. मोफत आहे."

"का?"

याचं उत्तर आप्पांना चौकोनात बसेल असं देता येईना. "त्या दिवशी त्या घरात पैसे मागवत नाहीत, साहेब," ते म्हणाले.

"कंत्राटदाराला मागवतील," साहेब म्हणाले. ते दुष्टपणाने बोलत नव्हते. त्यांना फक्त रिकामा चौकोन बघवत नव्हता. थोड्या वेळाने त्यांना खिडकीतून खाली उभी असलेली गाडी दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आप्पा, गाडीच्या बाजू केवढ्या मोठ्या आहेत. आणि सगळ्या कोऱ्या. कोरी जागा म्हणजे बुडालेलं उत्पन्न. जाहिरात घ्या. शुक्रवारपर्यंत."

आप्पांनी जाहिरातीसाठी गाव पालथा घातला. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डॉक्टरचं नाव त्या गाडीवर असणं बरं दिसत नाही, लोक संबंध जोडतात. शिकवणीचे क्लास घेणारे मास्तर म्हणाले, "आमची ओळ आहे 'थेट वरच्या वर्गात'. ती चालेल का?" आप्पांनीच नको म्हटलं. प्रवासी कंपनीवाल्याने तर त्यांना बसूही दिलं नाही. विमा एजंट तेवढा तयार होता, पण त्याच्या वरच्या ऑफिसने कळवलं, की आपला ग्राहक या गाडीत बसणार नाही या आशेवरच आपला धंदा चालतो.

बुधवारी आप्पा घरी आले ते तोंड पाडूनच.

"दादाला विचारा की," बायको म्हणाली.

दादा म्हणजे आप्पांचा मेहुणा. त्याचं गाद्यांचं दुकान होतं. माणूस दिलदार होता, पण तोंड उघडलं की घोषवाक्य बाहेर पडायचं. त्याच्याकडे जेवायला गेलं तरी तो आमटी वाढताना "एकदा घ्याल, तर पुन्हा मागाल" म्हणायचा. म्हणून आप्पा सासुरवाडीला शक्यतो जेवणं टाळत. पण आता इलाज नव्हता.

मेहुण्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊजी, ती गाडी गावातल्या सगळ्या गल्ल्यांत जाते?"

"आज ना उद्या सगळ्याच गल्ल्यांत जाते."

"हळू जाते?"

"हळूच."

"मागून माणसं चालत असतात?"

"असतात."

"आणि त्यांना वाचायला दुसरं काही नसतं." मेहुण्याने क्षणभर डोळे मिटले. "भाऊजी, इतकी वर्षं हे माझ्यापासून लपवून ठेवलंत तुम्ही."

"मजकूर जरा सौम्य असू दे," आप्पा म्हणाले.

"माझ्या दुकानाच्या पाटीवर आहे तोच. गावाला पाठ आहे."

आप्पा घरचे असल्यामुळे त्या दुकानात नेहमी मागच्या दाराने जात. पुढची पाटी त्यांनी कधी वाचलीच नव्हती. साहेबांनीही 'मजकूर दुकानाच्या पाटीप्रमाणे' एवढंच बघून सही केली, उत्पन्नाच्या चौकोनात हिरवी चिठ्ठी लावली आणि जरा मागे सरकून तिच्याकडे बघितलं.

शुक्रवारी सकाळी ड्रायव्हर पेंटरकडून गाडी घेऊन आला.

"काय अक्षर काढलंय," तो म्हणाला. "या, बघा तर खरं."

आप्पा खाली उतरले. उजव्या बाजूला हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'एकदा झोपाल, तर उठावंसं वाटणार नाही'. डाव्या बाजूला होतं, 'घरपोच सेवा, अगदी मोफत'. आप्पा मागे गेले. मागच्या दारावर लिहिलं होतं, 'आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही'.

आप्पा पायरीवर बसले.

"तू वाचलं नाहीस का रे?"

"वाचलं की. मला वाटलं, साहेबांनीच दिलंय. आणि त्यात खोटं असं काही नाही."

आप्पा उठले, भांडारातून टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन आले. बाटलीत तळाशी थोडंसंच होतं. सगळ्यात वाईट वाक्य उजव्या बाजूचं, म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली. हाताजवळ शेवटचा शब्द होता. तो घासून घासून स्वच्छ निघाला आणि बाटली संपली. आप्पा दोन पावलं मागे सरकले. आता गाडीवर लिहिलं होतं, 'एकदा झोपाल, तर उठावंसं वाटणार'. आधीचं वाक्य नुसतं वाईट होतं. आता गाडी आशा दाखवू लागली होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. माजी अध्यक्ष सकाळी गेले.

माजी अध्यक्ष म्हणजे साधी असामी नव्हती. त्यांनी गावात शिस्त आणली होती. बाल्कनीवर कर बसवला होता, दुकानांपुढची बाकडी उचलली होती आणि बागेत गवतावर बसायला बंदी केली होती. ते वारल्यावर गावाने त्यांना मान द्यायचा हे नक्की होतं. फक्त रडायचं कोणी, हा प्रश्न होता. त्यांच्या वकील मुलालाही मनातून तीच काळजी होती.

"गाडी लगेच पाठवा," साहेब फोनवर म्हणाले. "सगळी मोठी माणसं येणार आहेत. गाडी स्वच्छ आहे ना?"

"रंगवलेली आहे, साहेब."

"उत्तम," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

दुसरी गाडी नव्हती. दवाखान्यातून एक पांढरी चादर मिळाली, ती आप्पांनी मागच्या दारावर बांधली. उजवी बाजू भिंतीकडे करून गाडी उभी करायची, असं ठरलं. डाव्या बाजूचं काय, असं आप्पांनी विचारलं.

"त्याला कोण काय म्हणणार?" ड्रायव्हर म्हणाला. "घरापर्यंत तर आपण जाणारच आहोत."

घरापुढे तुडुंब गर्दी होती. ड्रायव्हरने गाडी भिंतीला अशी चिकटवली, की मधून मांजरही गेलं नसतं. दार उघडण्यासाठी कुणीतरी चादरीची गाठ सोडली. दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या तोवर सगळं ठीक होतं. मग त्या बंद झाल्या. चादर पुन्हा बांधायचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि आप्पा गर्दीच्या पलीकडे अडकले होते.

मुलगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि गाडी हळूहळू निघाली. मागे पहिल्या रांगेत हातात पुष्पचक्र घेतलेले मुख्याधिकारी होते. त्यांनी वर बघितलं, वाचलं आणि पुष्पचक्र थोडं वर धरलं. ते पुरेसं मोठं नव्हतं. त्यांच्या शेजारी बँकेचे मॅनेजर होते. त्यांनी वाचलं आणि खिशातून रुमाल काढला. मग निवृत्त हेडमास्तरांनी काढला. थोड्याच वेळात पहिल्या तिन्ही रांगांनी रुमाल तोंडाला लावले होते आणि सगळ्यांचे खांदे गदगदत होते.

बाल्कनीतून बघणाऱ्या बायका चकित झाल्या.

"एवढा जीव होता गावाचा त्यांच्यावर," एक म्हणाली.

"माणूस गेल्यावरच कळतं बाई," दुसरी म्हणाली आणि तिनेही डोळे पुसले.

चौकात गाडी वळली आणि उजवी बाजू समोर आली. 'एकदा झोपाल, तर उठावंसं वाटणार' हे वाचून पहिली रांग आपोआप दोन हात मागे सरकली. मॅनेजरना मात्र पुढे चालवेना. ते एका ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांनी पोट धरून हुंदके देऊ लागले. माजी अध्यक्षांनी त्यांच्या बँकेपुढचा जिना बेकायदा म्हणून तोडला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी त्यांना पाणी दिलं. एवढं मोठं मन असावं माणसाचं, असं लोक नंतर बरेच दिवस म्हणत होते.

दुपारी साहेबांनी आप्पांना बोलावलं. ते ओरडले नाहीत. "माझी सही आहे त्याच्यावर," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मजकूर तत्काळ पुसायचा, गाडी महिन्याअखेर कंत्राटदाराला द्यायची आणि आप्पांना वसुली विभागात पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वसुली विभागातल्या माणसांवर लोक कुत्री सोडत. आप्पांना गुडघ्यांचा त्रास होता. त्यांना धावणं जमण्यासारखं नव्हतं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अक्षर तरी चांगलं होतं ना?" तिने विचारलं. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. दुकानात रीघ लागली होती म्हणे. लोक येत होते, गादीवर आडवे होत होते आणि हसत उठत होते. आप्पांनी फोन बायकोकडे दिला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन त्याच दुकानातल्या गादीवर रात्रभर जागे राहिले.

पुढच्या आठवड्यात कचेरीत निरोप आला, की माजी अध्यक्षांच्या पत्नी स्वतः साहेबांना भेटायला येत आहेत. साहेबांनी टाय सैल केला आणि आप्पांना शेजारी उभं केलं, म्हणजे बोलणी वाटून घेता येतील.

आजी आल्या. पांढरेशुभ्र केस, हातात काठी. मुलगा त्यांना दारापर्यंत सोडून कोर्टात गेला होता.

"आई, जे झालं त्याबद्दल..." साहेबांनी सुरुवात केली.

"मजकूर कोणी लिहिला?"

साहेबांनी आप्पांकडे बघितलं.

"माझ्या मेहुण्याने," आप्पा म्हणाले. "पण गाडी माझ्या ताब्यात होती. चूक माझी."

आजींनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. "मी दारातच वाचलं सगळं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासमोर कधी कोणी हसलं नाही. मलासुद्धा हसू आलं की मी स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून हसायची. त्या दिवशी सगळा गाव तोंडाला रुमाल लावून ह्यांच्यामागे चालला होता. मुलगा घरी येऊन म्हणाला, आई, लोक रडत होते. तुम्ही त्याला काही सांगू नका."

साहेबांनी मान हलवली. आप्पांनीही हलवली.

"गाडी कंत्राटदाराला देणार म्हणे?"

"तसा एक विचार..."

"ह्यांनी सगळ्यावर कर बसवला. ती एकच गोष्ट मोफत ठेवली. का, ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण ठेवली."

"विचार नाहीच तसा," साहेब म्हणाले आणि आप्पांच्या बदलीचा कागद त्यांनी हळूच पेपरवेटखालून काढून खणात टाकला. "बाकी आमच्यासारखं काही काम?"

आजींनी आप्पांकडे बघितलं. "ती गादी खरंच चांगली आहे का हो? इतकी वर्षं ह्यांच्या घोरण्यामुळे झोप लागायची नाही. आता घोरणं ऐकू येत नाही म्हणून लागत नाही."

"चांगली आहे," आप्पा म्हणाले. "दाखवतो चला."

भर दुपारी रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती. ड्रायव्हर गाडी पुसत होता. त्याने काही न विचारता दार उघडून धरलं. नेमकं कोणतं दार उघडायचं, याचा त्याने आधी थोडा विचार केला होता.

"पुढेच बसते," आजी म्हणाल्या. "मागची मला घाई नाही."

शववाहिका दुकानापुढे थांबली आणि तिच्यातून माजी अध्यक्षांच्या पत्नी काठी टेकत उतरल्या, हे बघून मेहुणा गाद्यांच्या ढिगामागे गेला. आप्पांनी त्याला ओढून बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही सुचेना. आजींनी हाताने दाबून एक गादी निवडली, चपला काढल्या आणि आडव्या झाल्या.

थोडा वेळ गेला. मग बराच वेळ गेला. आजी हलेनात.

"भाऊजी," मेहुणा कुजबुजला, "बघा ना जरा."

"तू बघ. गिऱ्हाईक तुझं आहे."

दाराशी माणसं जमली. त्यांनी आधी बाहेरची गाडी बघितली, मग आतली गादी बघितली, मग वरची पाटी वाचली. कुणीतरी टोपी काढली. मेहुणा घामाने चिंब झाला. शेवटी ड्रायव्हर वाकला, त्याने आजींच्या तोंडाजवळ कान नेला आणि सरळ उभा राहिला.

"घोरतायत," तो म्हणाला.

मेहुण्याने दुकानाचा पंखा मोठा केला आणि सगळ्यांना गप्प बसवलं. चार दिवस रात्री न झोपलेले आप्पाही एका गादीच्या कडेला टेकले आणि त्यांचाही कधी डोळा लागला ते त्यांना कळलं नाही. उन्हं उतरली तेव्हा आजी उठल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "हीच द्या."

गादी जाड होती, लांब होती. ती नेणार कशी, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. मेहुण्याने गादीला नवी पांढरी खोळ घातली, ती आत सरकवली आणि हात जोडले.

संध्याकाळी शववाहिका पुन्हा त्याच गल्लीत, त्याच घराकडे हळूहळू वळली. पहिल्या बाल्कनीतल्या बाईने ती बघितली आणि हातातला तांब्या खाली ठेवला. खेळणारी मुलं बाजूला झाली. दुकानदारांनी शटरं निम्मी खाली ओढली. आई अजून घरी आली नाही म्हणून काळजीत असलेला वकील मुलगा अनवाणीच धावत बाहेर आला, त्याने मागच्या दारातून दिसणाऱ्या पांढऱ्या खोळीकडे बघितलं आणि तिथेच मटकन खाली बसला. शेजारीपाजारी भोवती गोळा झाले.

पुढचं दार उघडलं. आजी काठी टेकत उतरल्या आणि त्यांनी गल्लीवर एक नजर फिरवली.

"नुसते बघत काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "चौघं जण या पुढे. जड आहे."